वालेंती बोलेपर्यंत

मेलेली माणसं रात्री प्रार्थनेला येतात, यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. लुबिन्का या आमच्या पोलिश गावातल्या ज्यू म्हाताऱ्यांचा मात्र होता. रात्री प्रार्थनाघर त्यांचं, दिवसा आपलं. म्हणून पहाटे दार उघडणाऱ्याने आधी तीनदा ठोकायचं, जरा थांबायचं, त्यांना निघायला वेळ द्यायचा आणि मगच किल्ली फिरवायची. माझे बाबा, नोखेम, तिथले शमाश होते, म्हणजे झाडलोटीपासून दिवाबत्तीपर्यंत सगळं त्यांच्याकडे. माझ्या जन्माआधीपासून ते रोज पहाटे असं ठोकत आले होते. मी, पेस्या, एकोणीस वर्षांची, युवक संघाची सभासद आणि संघाच्या वाद्यवृंदात मॅन्डोलिन वाजवणारी. आमच्या संघाचं म्हणणं असं की भुतं, रब्बी आणि कारखानदार हे तिघं मिळून गरिबाला घाबरवून ठेवतात. रब्बी सोडले तर बाकीच्या दोघांशी माझी ओळखही नव्हती, पण मत पक्कं होतं.

त्या हिवाळ्यात बाबांची पाठ धरली. अंथरुणातून उठता येईना. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"तीनदा ठोक. आणि थांब."

"किती थांबू? त्यांना कोट चढवायला किती वेळ लागतो?"

"पेस्या, तोंड आवर."

"बरं बरं. ठोकते."

ठोकायचं माझ्या मनात मुळीच नव्हतं.

आता वहिनीबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिचीच आहे. माझा भाऊ झेलिक एकविसाव्या वर्षी पोलिश सैन्यात गेला, बोल्शेविकांशी लढाई चालू होती तेव्हा. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. तो परत आला नाही. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याचीही नाही. त्याला पडताना पाहिलं असं सांगणारा एकही माणूस नाही. आमच्या धर्मात नवरा मेल्याची साक्ष मिळाल्याशिवाय बाई मोकळी होत नाही. अशा बाईला अगुना म्हणतात, म्हणजे अडकलेली. ना धड संसार, ना धड वैधव्य. शिफ्रावहिनी सात वर्षं तशीच अडकून आमच्या घरात राहिली होती. लोकांचे कपडे शिवायची, बाबांना सूप करून द्यायची, माझी वेणी घालताना माझे केस मुद्दाम ओढायची.

आणि लिपा तिच्यासाठी जीव टाकत होता. लिपा आमच्या संघाचा ग्रंथपाल, पुस्तकं बांधायचा धंदा करणारा, कानामागे कायम सरस लागलेला. त्याच्या मामाने अर्जेंटिनाहून दोघांपुरती सोय करून पाठवली होती. वसंतातला वल्हांडणाचा सण झाला की बोट सुटणार होती.

"रब्बीला मारा गोळी," तो वहिनीला म्हणायचा. "माझ्याबरोबर चल. तिकडे कोण विचारतंय?"

"तिकडे मी स्वतःला विचारीन," वहिनी म्हणायची. "उद्या झेलिक परत आला तर? दारात उभा राहिला आणि मी तुझ्या पोराला पाजत बसलेली असले तर?"

लिपा कानामागचा सरस खरवडत बसायचा.

तर त्या मंगळवारी मी अंधारातच प्रार्थनाघरापाशी गेले, ठोकलं नाही, किल्ली फिरवली आणि दार ढकललं.

आत गर्दी होती. खच्चून गर्दी, सणासुदीला असते तशी. पांढऱ्या शाली पांघरून सगळे हलत होते, पुटपुटत होते, आणि इतकी माणसं असून आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी. मला पहिल्यांदा दिसला तो जुना खाटीक, ज्याच्या अंत्ययात्रेला मी शाळा बुडवून गेले होते. मी किल्ली धरून उंबऱ्यावरच उभी राहिले. एकेक चेहरा माझ्याकडे वळला, आणि खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आंघोळ करताना कुणी आत घुसलं तर माणूस जसा बघेल तसे ते बघत होते. अवघडल्यासारखे.

खोली उबदार ठेवणाऱ्या विटांच्या भट्टीपाशी एकजण उभा होता. त्याच्या अंगावर शाल नव्हती, सैन्यातला कोट होता. धर्मग्रंथांच्या पवित्र कपाटासमोरच्या दिव्याचा उजेड त्याच्यावर पडला होता.

"पेस्या," तो म्हणाला, "एवढी घोडी झालीस, दार ठोकता येत नाही तुला?"

झेलिकचाच आवाज. तोच चिडवायचा सूर. तो गेला तेव्हा मी बारा वर्षांची होते, पण तो सूर विसरता येतो होय? मी त्याच्याकडे एक पाऊल टाकलं आणि सगळं विरून गेलं. रिकामे बाक, थंड भट्टी आणि मी.

मी घरी पळत सुटले. वहिनी चुलीपाशी होती. मी सगळं एका दमात सांगितलं. तिच्या हातातला डाव खाली पडला नाही की काही नाही. तिने तो नीट टांगला, हात पुसले आणि म्हणाली, "चांगला दिसत होता का?"

"कोट गुंडी लावून नीट घातला नव्हता."

"कधीच घालायचा नाही," ती म्हणाली आणि खाली बसली.

बाबांनी पलंगावरून सगळं ऐकलं होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "तू झोपेत होतीस," एवढंच म्हणाले. "माझा झेलिक रशियात आहे. सैबेरियात. तिथून येतात लोक दहा-दहा वर्षांनी."

मग आम्ही दोघी रब्बींकडे गेलो. आमचे रब्बी म्हातारे, तपकीर ओढणारे आणि भारी मिश्कील होते. ज्या संघात त्यांना शिव्या दिल्या जायच्या त्या संघातली पोरगी भुताची बातमी घेऊन आलेली बघून त्यांना केवढा आनंद झाला! पण शिफ्राकडे नजर गेली तसे ते गंभीर झाले.

"तो सैतानाचा खेळही असू शकतो," ते म्हणाले. "सैतान माणसाचं रूप घेतो. सावली होती त्याला?"

"होती."

"सावली त्यालाही जमते. सावलीची सावली होती?"

मी डोळे मिटून आठवलं. "होती. भिंतीवर एक गडद होती, आणि तिच्यापलीकडे दुसरी, फिकट."

रब्बींनी टेबलावर थाप मारली. "शाबास! ती दुसरी सैतानाला जमत नाही. म्हणजे तो झेलिकच. मेलेल्यांमध्ये उभा होता, म्हणजे मेलेला. अशा प्रकरणात शास्त्र फार सैल आहे बरं का. दोन साक्षीदार नकोत, एक पुरे. बाई चालते. मोलकरीण चालते." बोलता बोलता ते थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. "तू झेलिकची बहीण."

"हो."

"म्हणजे शिफ्राची नणंद."

"मग?"

"मग संपलं सगळं," रब्बी म्हणाले आणि त्यांचा चेहरा उतरला. "सासू, नणंद, सवत, जाऊ, सावत्र मुलगी. या पाचजणींची साक्ष चालत नाही. त्यांच्या मनात तिचं वाटोळं करायचं असतं असं शास्त्र धरून चालतं. खोटंच सांगतील, तिचं दुसरं लग्न लावतील, आणि मग पहिला नवरा परत आला की तमाशा बघत बसतील."

मला असा संताप आला की विचारू नका. "हे लिहिणाऱ्याच्या घरात कसली नणंद होती कोण जाणे!"

"तशीच असेल, तुझ्यासारखी," रब्बी म्हणाले. "जोरात बोलणारी."

वहिनी उठायला लागली. तिने काही विचारलं नाही, विनवणी केली नाही. शाल डोक्यावर ओढली आणि दाराकडे निघाली. सात वर्षांत तिला याची सवय झाली होती, आणि मला तीच सवय बघवत नव्हती.

"दुसरं कोण चालतं?" मी विचारलं.

"कुणीही. ख्रिस्ती माणूससुद्धा चालतो. फक्त त्याला कुणी विचारलेलं नसावं. साक्ष द्यायची आहे हे त्याच्या मनातही नसावं. गप्पांच्या ओघात, आपसूक, स्वतःहून बोलला तर त्याचा शब्द धरतात. विचारून बोलला तर कवडीची किंमत नाही."

"वालेंती!" मी ओरडले.

रब्बींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "मी काही ऐकलं नाही! आणि तूही त्याला काही विचारणार नाहीस. कुणीच नाही!"

शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी आम्ही विस्तव पेटवत नाही. म्हणून प्रार्थनाघराची भट्टी पेटवायला शनिवारी पहाटे वालेंती यायचा. लाकूड गिरणीतला जुना पोलिश ख्रिस्ती गडी, मिशा झाडूसारख्या. त्याच्याकडे त्याची वेगळी किल्ली होती. तो बाबांच्याही आधी यायचा, आणि त्याला ठोकायला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ठोकायचं ते आम्ही, त्याचा काय संबंध? म्हणजे वर्षानुवर्षं दर शनिवारी वालेंती सरळ त्या गर्दीत शिरत होता.

पण वालेंतीचं तोंड उघडणं म्हणजे महाकठीण काम. बायको वारली तेव्हासुद्धा तो "गेली" एवढंच बोलला होता.

पुढच्या शनिवारी प्रार्थनाघराच्या पडवीत पहाटेच जत्रा भरली. रब्बी आले, मी, वहिनी, आणि ज्याने गेल्या उपासाच्या मोठ्या दिवशी चौकात उभं राहून सगळ्यांदेखत सॉसेज खाल्लं होतं तो आमचा लिपासुद्धा आला. वालेंती भट्टी पेटवून बाहेर आला आणि एवढी माणसं बघून दचकला.

"काय रे वालेंती," रब्बी म्हणाले, "थंडी आहे."

"आहे."

"आत कसं काय?"

"थंडी."

शब्बाथला त्याला पैसे देता येत नाहीत. वेणीसारख्या वळलेल्या पावाचा तुकडा आणि एक पेला दारू एवढाच त्याचा मान. त्या दिवशी लिपाने त्याला तीन पेले दिले, जीभ सैल व्हावी म्हणून. वालेंती बाकावर बसून घोरू लागला.

त्याच्या पुढच्या शनिवारी लिपाला राहवेना. "वालेंतीकाका, आत तुम्हाला कधी कुणी..." एवढं तो बोलला आणि वहिनीने त्याच्या पायावर असा काही पाय दिला की त्याने उरलेलं वाक्य गिळलं. पंधरवड्यात गावभर झालं. बाजारात वालेंती दिसला की बायका गप्प व्हायच्या आणि आशेने त्याच्या मिशांकडे बघायच्या. बेकरीवाल्याने त्याला फुकट पाव दिला. वालेंतीला वाटलं, आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय आणि सगळ्यांना ते ठाऊक आहे. तो आणखीच गप्प झाला.

इकडे छपरावरचं बर्फ ठिबकायला लागलं होतं. वल्हांडण जवळ आला होता. थंडी सरली की भट्टी बंद, आणि भट्टी बंद झाली की वालेंतीचं येणंही पुढच्या हिवाळ्यापर्यंत बंद. लिपाने आपली पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. वहिनीने त्याच्यासाठी दोन सदरे शिवले आणि त्यांना बटणं लावताना एकदाही वर बघितलं नाही. त्या रात्री मी तिच्या सुईत दोरा ओवून देत बसले.

बाबा या सगळ्यात नव्हते. त्यांची पाठ बरी झाली होती आणि ते पुन्हा कामावर जायला लागले होते, पण आमचा डाव त्यांना मंजूर नव्हता. आम्ही घरात वालेंतीचं नाव काढलं की ते उठून बाहेर जायचे. पहाटे ठोकल्यावर ते कितीतरी वेळ दाराशी उभे राहायचे, नेहमीपेक्षाही जास्त. लोक गारठून कुरकुर करायचे. मला आधी वाटायचं, हा त्यांचा देवभोळेपणा. मग एका पहाटे ते कुलपात घातलेली किल्ली पुन्हा बाहेर काढताना दिसले आणि माझ्या लक्षात आलं. त्यांना मेलेल्यांची भीती नव्हती. त्यांच्यात झेलिक दिसेल याची होती.

भट्टीचा बहुधा शेवटचाच शनिवार होता तो. आदल्या रात्री पुन्हा कडाक्याची थंडी पडली होती. आम्ही सगळे पडवीत उभे होतो, बहुतेकांनी आशा सोडली होती. बाबांनी ठोकलं, थांबले, आत गेले, आणि आतून त्यांचा आवाज आला. ते खरोखरच चिडले होते. आम्ही मागोमाग आत शिरलो. भट्टी नुसती धुमसत होती, सगळीकडे धूर, आणि तिच्यासमोर वालेंती.

"वालेंती! ही काय भट्टी पेटवायची पद्धत झाली? म्हातारी माणसं येतात इथे, गारठून मरतील! इतक्या वर्षांत एवढं जमू नये?"

वालेंतीचा चेहरा लाल झाला. गेले काही आठवडे गावाने त्याचा जो छळ मांडला होता तो सगळा बाहेर पडला असावा.

"मला काय बोलताय?" तो गरजला. "आधी तुमच्या झेलिकला सांगा भट्टीसमोरून हलायला! दर शनिवारी मेला तिथेच उभा. तो खाटीकसुद्धा मेलाय, पण निदान बाजूला सरतो. ह्याला कसली आलीय थंडी? छातीला हे एवढं भोक पडलंय, त्यातून मला भट्टीचं दार दिसतं, पण त्यातून हात घालून लाकडं सरकवायची म्हणजे काय बरं वाटतं? वर त्याच्या सावल्या, एक काळी, एक फिकी, दोन्ही माझ्याच अंगावर! काडी कुठे ठेवली ते दिसेल तर शपथ!"

लिपाने माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे आठवडाभर वळ होता. रब्बींनी डोळे मिटले आणि त्यांचे ओठ हलू लागले.

"काय झालं?" वालेंती घाबरून म्हणाला. "काय बोललो मी?"

बाबा बाकावर बसले. "कधीपासून उभा आहे तो?" त्यांनी विचारलं.

"नोखेम, विचारू नका!" रब्बी म्हणाले.

"साक्षीसाठी नाही विचारत. जे हवं ते तुम्हाला मिळालं. मी बाप आहे म्हणून विचारतोय."

वालेंतीने टोपी काढली. "लढाई संपली त्या हिवाळ्यापासून," तो हळू आवाजात म्हणाला. "मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ठोकून इतका वेळ थांबता ना, म्हणून."

"तिथे करतो काय?"

"काही नाही. हात शेकतो."

"लहानपणापासून थंडी सोसायची नाही त्याला," बाबा म्हणाले. मग भट्टीकडे बघत म्हणाले, "वालेंती, लाकडं भरपूर घालत जा."

शब्बाथला न्यायनिवाडा होत नाही. रविवारी सकाळी रब्बींनी आणखी दोघांना बोलावून घेतलं, शिफ्राला समोर बसवलं आणि ती मोकळी झाल्याचं सांगितलं. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, तुझ्यावाचून झालं." मीही म्हटलं, "तुमच्यावाचूनही झालं असतं, वालेंतीला थोडं आधी चिडवलं असतं तर." ते हसले. लग्न, बोट, अर्जेंटिना हे सगळं पुढे ठरल्याप्रमाणे झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते त्या सकाळबद्दल.

माणूस गेल्यावर आम्ही सात दिवस जमिनीवर बसून सुतक पाळतो. पण बातमी महिना उलटून गेल्यावर आली तर सुतक फक्त एका तासाचं. जोडे काढायचे, जमिनीवर बसायचं, तास झाला की उठायचं आणि कामाला लागायचं. तर आम्ही तिघं घरी येऊन जमिनीवर बसलो. बाबा, वहिनी आणि मी. बाबांनी मेलेल्या मुलासाठी म्हणायची प्रार्थना म्हटली. सात वर्षं त्यांनी ती म्हटली नव्हती, म्हणता आली नव्हती, आणि शब्द पाठ असूनही ते दोनदा अडखळले. मला वाटलं होतं ते खचून जातील. पण त्यांचे खांदे सैल झाले होते, इतके की ते मला आधीपेक्षा बुटके वाटले आणि तरुणही.

तास झाला. बाबा भिंतीला धरून उठले. "ऊठ, शिफ्रा," ते म्हणाले. "झालं, पोरी."

"थोडं बसू द्या ना," वहिनी म्हणाली. "मला आजवर बसायला मिळालंच नाही."

आणि मग ती रडायला लागली. सात वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटायचं, ती कठोर आहे. ती रडत रडत म्हणाली, "रडले असते तर तो मेला असं मीच म्हटल्यासारखं झालं असतं." मी तिला जवळ घेतलं. ती झेलिकला नाव घेऊन शिव्या देत होती, गुंडी न लावता कोट घालणाऱ्या त्या गाढवाला, आणि हुंदक्यांच्या मध्ये हसत होती. बाबाही पुन्हा खाली बसले. शास्त्रात नव्हतं ते, पण बसले.

लिपा केव्हा दारात येऊन उभा राहिला कुणाला कळलं नाही. टोपी हातात, कानामागे सरस. असं चित्र बघून तो बिचारा मागे सरला.

"मी जातो," तो म्हणाला. "नंतर येईन."

वहिनीने तोंड पुसलं, नाक ओढलं आणि त्याच्याकडे बघितलं.

"नको," ती म्हणाली. "आता कुणी जायचं नाही. आत ये, जोडे काढ आणि बस."

तो आत आला आणि आमच्या शेजारी जमिनीवर बसला.